दुसऱ्या देशातल्या वर्गासोबत भाषेचा ऑनलाइन प्रोजेक्ट करायचाय? मग हे आधी वाचा

भाषेच्या वर्गात मुलं 'माझी ओळख' वर्षातून तीन-चार वेळा तरी लिहितात, नाव काय, घरी कोण कोण, आवडता खेळ कोणता, आणि ते वाचणार कोण तर आपणच, ज्यांना त्या मुलाचं नाव, घर, खेळ सगळं आधीपासून पाठ असतं. तीच चार वाक्यं दुसऱ्या देशातली एक मुलगी वाचणार आहे म्हटलं की वर्गात एकदम वेगळंच वातावरण होतं. "टीचर, हे वाक्य तिला कळेल ना?" असं एका मुलाने मला वही पुढे करून विचारलं होतं, आणि व्याकरण शिकवायच्या इतक्या वर्षांत कोणी मला असं विचारलेलं नव्हतं. तेव्हापासून मी हे प्रोजेक्ट दरवर्षी करते, आणि नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी सगळं एका जागी लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं.

याला व्हर्च्युअल एक्स्चेंज म्हणतात, कोणी टेलिकोलॅबरेशन म्हणतं, कॉलेजवाले कॉइल म्हणतात. नावांत अडकू नका. दोन देशांतले दोन वर्ग, दोन्हीकडे एकेक शिक्षक, आणि काही आठवडे चालणारं एक सामायिक काम, एवढंच. कल्पना तर इंटरनेटच्या किती आधीची आहे, फ्रान्समध्ये सेलेस्तँ फ्रेने नावाचे शिक्षक १९२०च्या दशकात आपल्या वर्गातल्या मुलांचं लिखाण शाळेतच छापून दूरच्या दुसऱ्या शाळेला पोस्टाने पाठवायचे आणि तिकडून आलेलं वर्गात वाचलं जायचं. १९८८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या आणि मॉस्कोतल्या शाळा कॉम्प्युटरवरून जोडल्या गेल्या, त्यातूनच पुढे आयअर्न हे नेटवर्क उभं राहिलं. म्हणजे टेक्नॉलॉजी भारी नसली तरी चालतं हे सिद्ध झालेलं आहे. जे नसलं तर अजिबात चालत नाही ते म्हणजे दोन शिक्षकांचं जुळणं. मुलांची ओळख व्हायच्या आधी तुमची आणि समोरच्या शिक्षकाची नीट गट्टी जमली पाहिजे, आणि खाली जे काही सांगणारे त्यातलं निम्मं याच एका गोष्टीबद्दल आहे.

पायरी १: भाषेचा सौदा ठरवा

पार्टनर शोधायच्या आधी हे ठरवा, कारण कोणता पार्टनर शोधायचा ते यावरच अवलंबून आहे. ढोबळ तीन प्रकार आहेत.

पहिला टँडम. म्हणजे जर्मनीतली मुलं स्पॅनिश शिकतायत आणि स्पेनमधली जर्मन, तर अर्धा वेळ एक भाषा, अर्धा वेळ दुसरी. जर्मनीतल्या बोखुम विद्यापीठातल्या हेल्मुट ब्रामर्ट्स यांनी टँडमची दोन तत्त्वं मांडली, एक म्हणजे देवाणघेवाण बरोबरीची हवी आणि दुसरं म्हणजे काय शिकायचं, किती शिकायचं ही जबाबदारी ज्याची त्याने घ्यायची. यातलं पहिलं तत्त्व फार पटकन मोडतं बरं का. ज्याची भाषा जास्त पक्की तो बोलत राहतो, दुसरा मान डोलावतो, आणि अर्ध्या तासातली पंचवीस मिनिटं एकाच भाषेत जातात. म्हणून टायमर लावायचा, पंधरा मिनिटं झाली की भाषा बदलली, गप्पा कितीही रंगलेल्या असोत.

दुसरा प्रकार म्हणजे दोघांचीही मातृभाषा नसलेली भाषा. पोलंडमधला वर्ग आणि तुर्कीतला वर्ग, दोघं इंग्रजी शिकतायत. नवीन शिक्षकांना मी हाच सुचवते. पार्टनर मिळायला सोपा, आणि समोरचाही अडखळतोय हे दिसल्यावर मुलांची भीड इतकी लवकर जाते की बघतच राहावं.

तिसरा प्रकार ऐकायला उलटा वाटतो, प्रत्येकाने आपापल्या भाषेत लिहायचं आणि दुसऱ्याचं त्याच्या भाषेत वाचायचं. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये १९९७ साली जिल्बेर्त फुर्स्टेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेला 'कुल्तुरा' हा प्रोजेक्ट असाच होता, अमेरिकन मुलं इंग्रजीत, फ्रेंच मुलं फ्रेंचमध्ये. फायदा असा की कोणीच तोडकंमोडकं लिहीत नाही, मनातलं पूर्ण उतरतं, आणि वाचायला अस्सल भाषा मिळते. मुलं जरा मोठी असतील तर नक्की विचार करा.

पायरी २: पार्टनर शोधा

युरोपात किंवा आजूबाजूच्या सहभागी देशांत शिकवत असाल तर ई-ट्विनिंग हे शाळांना जोडणारं ऑनलाइन व्यासपीठ. २००५ पासून चालू आहे, फुकट आहे, शिक्षकांची पडताळणी करूनच आत घेतात, आणि प्रत्येक प्रोजेक्टला ट्विनस्पेस नावाची बंद जागा मिळते जिथे बाहेरचं कोणी येत नाही. बाकी जगासाठी आयअर्न आहेच, तिथे आधीपासून चालू असलेल्या प्रोजेक्टमध्ये सामील होता येतं, पहिल्या वेळी ते जास्त सोपं पडतं. कॉलेज-विद्यापीठवाल्यांनी युनिकोलॅबरेशन ही संस्था आणि न्यूयॉर्कच्या राज्य विद्यापीठाचं कॉइलचं काम बघावं, आणि ब्राझीलमध्ये उनेस्प विद्यापीठाचं टेलेटँडम २००६ पासून चालू आहे, पोर्तुगीज शिकवणाऱ्यांनी ते तर बघाच.

पहिला मेसेज कसा लिहायचा यावर खूप काही ठरतं. "नमस्कार, मला तुमच्यासोबत प्रोजेक्ट करायला आवडेल" एवढंच लिहिलं तर उत्तर येत नाही, कारण समोरच्याला त्यातून काहीच कळत नाही. मी साधारण असं लिहिते: मुलं १३-१४ वर्षांची, वर्गात २४ जण, इंग्रजी ए-टू लेव्हल, आठवड्यातून दोन तास त्यासाठी देऊ शकते, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापासून सहा आठवडे, विषय 'शाळेतला एक दिवस', शेवटी दोघं मिळून एक छोटी डिजिटल पुस्तिका, आणि आधी आपण दोघी अर्धा तास कॉलवर बोलू का? लेव्हल सांगताना युरोपियन फ्रेमवर्कच्या ए-वन (अगदी सुरुवात) ते सी-टू (सगळ्यात वरची) या पायऱ्या वापरा, "मध्यम" म्हणजे प्रत्येक देशात वेगळं असतं.

तीन-चार जणांना पाठवा पण होकार एकालाच द्या. आणि ज्याच्याकडून उत्तर यायला दोन-दोन आठवडे लागतात त्याच्यासोबत पहिला प्रोजेक्ट करू नका, माणूस कितीही चांगला असू दे. आत्ता जो वेग आहे तोच पुढे राहतो.

पायरी ३: दोन शिक्षकांची बैठक, आणि हीच सगळ्यात मोठी पायरी

निदान दोन कॉल करा, आणि सगळं एका शेअर्ड डॉक्युमेंटमध्ये लिहून काढा, तोंडी ठेवू नका. तोंडी "हो हो चालेल" म्हणताना दोघांच्या डोक्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात.

सगळ्यात आधी कॅलेंडर. जपानमध्ये शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, ऑस्ट्रेलियात जानेवारीच्या शेवटी, युरोपात बऱ्याच ठिकाणी सप्टेंबरमध्ये. फ्रान्समध्ये ऑक्टोबरच्या शेवटाला दोन आठवडे सुट्टी, जपानमध्ये एप्रिल संपताना गोल्डन वीक, जर्मनीत तर सुट्ट्यांच्या तारखा राज्याराज्यानुसार वेगळ्या. त्यात दोन्हीकडच्या परीक्षा. दोघांची कॅलेंडरं शेजारी ठेवली की कळतं वर्षभरात दोघांचे सलग मोकळे असे सहा आठवडे जेमतेम दोनदा मिळतात. ते पकडा, आणि त्यातलाही एक आठवडा कोरा ठेवा कारण काहीतरी लांबतंच.

मग घड्याळ. हे मी स्वतः भोगलंय. माझा एक वर्ग पूर्ण तयारीने, कार्ड्स हातात घेऊन स्क्रीनसमोर बसलेला आणि समोर कोणीच नाही, वीस मिनिटं झाली, पंचवीस झाली, मुलांचे चेहरे उतरले, आणि नंतर कळलं की आदल्या रविवारी तिकडची घड्याळं पुढे गेली होती, ते लोक एक तास आधी येऊन, वाट बघून निघून गेले होते. युरोपियन युनियनमध्ये घड्याळ मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे जातं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतं, अमेरिकेत मात्र मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. म्हणजे न्यूयॉर्क आणि पॅरिसमध्ये एरवी ६ तासांचं अंतर असतं ते मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये एक आठवडा ५ तासांवर येतं. जपान घड्याळ बदलतच नाही, त्यामुळे स्पेनमध्ये सकाळचे ९ वाजतात तेव्हा टोकियोत हिवाळ्यात संध्याकाळचे ५ आणि उन्हाळ्यात ४. म्हणून प्रत्येक कॉलची वेळ दोन्ही शहरांच्या घड्याळात, तारखेसकट लिहायची. "नेहमीच्या वेळेला" हा शब्दच वापरायचा नाही.

आता मार्कांचं. याकडे नवीन लोक लक्ष देत नाहीत आणि तिथेच गाडी अडते. तुमच्याकडे या कामाला वीस टक्के मार्क आहेत आणि समोर ते ऐच्छिक आहे, तर सहाव्या आठवड्यापर्यंत तुमची मुलं रोज मेसेज बघत बसतात आणि समोरून उत्तर नाही. स्पेनमधले संशोधक रॉबर्ट ओडाउड आणि त्यांच्यासोबत मार्कुस रिटर यांनी २००६ मध्ये अशा फसलेल्या एक्स्चेंजची कारणं लिहिली होती, त्यात त्यांचा मुद्दा हाच होता की दोष फक्त मुलांचा कधीच नसतो, दोन वर्गांची रचना, संस्थांचे नियम, दोन शिक्षकांतलं नातं हे सगळं त्यात असतं. तेव्हा विचारून घ्या: तुमच्याकडे याला मार्क आहेत का, वर्गाच्या वेळेत करणार का घरी, मुलांना कॉम्प्युटर किती. दोन्हीकडे अगदी सारखं नसलं तरी चालेल, पण दोन्हीकडच्या मुलांना समोर काय परिस्थिती आहे ते माहीत पाहिजे.

संख्या जुळत नसेल, म्हणजे इकडे २४ आणि तिकडे १६, तर जोड्या लावूच नका, इकडचे तीन आणि तिकडचे दोन असा पाच जणांचा एक गट, आठ गट होतात. जोडीत एक मूल आजारी पडलं की दुसरं एकटं पडतं, आणि एकटं पडलेलं मूल प्रोजेक्टवरचा विश्वास गमावतं.

पायरी ४: परवानग्या

ही पायरी कंटाळवाणी आहे पण टाळता येत नाही. मुख्याध्यापकांना लेखी कळवा, पालकांकडून सही घ्या, आणि त्या कागदावर सरळ लिहा की मुलांचा आवाज, फोटो, व्हिडिओ कुठे जाणार, कोण बघणार, कधी डिलीट होणार. युरोपात जीडीपीआर हा खाजगी माहिती जपणारा कायदा २०१८ पासून लागू आहे, ऑनलाइन सेवांसाठी मुलांनी स्वतः संमती द्यायचं वय त्यात १६ आहे आणि देशांना ते १३ पर्यंत खाली आणायची मुभा आहे. अमेरिकेत १३ वर्षांखालच्या मुलांसाठी कोपा हा वेगळा कायदा आहे. दोन देशांचे नियम वेगळे असतील तर जो कडक तो दोघांनी पाळायचा, म्हणजे वाद राहत नाही. मुलांनी फक्त पहिलं नाव वापरायचं, घरचा पत्ता आणि फोन नंबर नाही, आणि सगळं बोलणं शिक्षकांना दिसेल अशाच जागी. मुलं लगेच म्हणतात आम्ही आपसात ग्रुप काढतो, प्रोजेक्ट चालू असेपर्यंत त्याला नाही म्हणा आणि का ते समजावून सांगा.

पायरी ५: कामं अशी द्या की समोरच्याशिवाय पूर्णच होणार नाहीत

"एकमेकांशी गप्पा मारा" हे काम नाही. दोन मेसेजनंतर "हाऊ आर यू, आय ॲम फाइन" वर येऊन थांबतं सगळं.

ओडाउड आणि पेज वेअर यांनी २००९ मध्ये या कामांची तीन गटांत मांडणी केली होती, माहितीची देवाणघेवाण, मग तुलना, मग मिळून काहीतरी तयार करणं. मी त्याच क्रमाने जाते. पहिला आठवडा ओळख, पण ओळखसुद्धा अशी की समोरच्याला काहीतरी शोधावं लागेल, उदाहरणार्थ प्रत्येकाने आपल्याबद्दल तीन वाक्यं लिहायची, त्यातलं एक खोटं, आणि समोरच्या गटाने प्रश्न विचारून ते ओळखायचं. प्रश्न विचारायला लागतात ना, तिथेच निम्मी भाषा आली.

दुसरा-तिसरा आठवडा तुलनेचा, आणि इथे 'कुल्तुरा'ची पद्धत मला अजून तरी सगळ्यात सुंदर वाटते. दोन्ही वर्गांना एकाच दिवशी तेच सात-आठ शब्द द्यायचे, कुटुंब, शेजारी, यश, शिस्त, मोकळा वेळ असे, आणि प्रत्येकाने मनात पहिल्यांदा येतील ते दोन-तीन शब्द लिहायचे. मग अर्धी वाक्यं पूर्ण करायची, 'चांगला शेजारी म्हणजे जो...', 'चांगला विद्यार्थी म्हणजे जो...'. दोन्हीकडची उत्तरं एका टेबलमध्ये शेजारी शेजारी. शिक्षकाने काहीही समजावायचं नाही, फक्त टेबल दाखवायचं. एमआयटीच्या प्रोजेक्टमध्ये 'व्यक्तिवाद' या शब्दावर अमेरिकन मुलांनी स्वातंत्र्य, वेगळेपण असं लिहिलं आणि फ्रेंच मुलांनी स्वार्थ. एकाच शब्दाला! डिक्शनरीत दोन्ही शब्द एकमेकांसमोर निमूट बसलेले असतात, आणि त्यांच्यामागे एवढं अंतर आहे हे मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं, आणि मग ते आपणहून विचारायला जातात, "तुम्ही असं का लिहिलं?" या एका प्रश्नासाठी सगळा प्रोजेक्ट केला तरी वसूल आहे असं माझं मत आहे.

एक सांभाळा, या टेबलवरून मुलं "फ्रेंच लोक असेच असतात" असं बोलायला लागतात. तिथे थांबवा. वीस मुलांनी एका मंगळवारी लिहिलेलं आहे ते, सगळ्या देशाने नाही. वाक्य कसं लिहायचं ते शिकवा: "तुमच्या वर्गात सात जणांनी असं लिहिलंय, त्याचं कारण काय असेल?"

शेवटचे दोन-तीन आठवडे मिळून एक वस्तू करायची. पुस्तिका, पॉडकास्टचा एक भाग, दोन शाळांच्या वेळापत्रकाचा एकत्र नकाशा, काहीही, फक्त अट एक, अर्धी माहिती एका बाजूला आणि अर्धी दुसऱ्या बाजूला पाहिजे. इकडच्या मुलांनी तिकडच्या शाळेबद्दल लिहायचं आणि तिकडच्यांनी इकडच्या, म्हणजे विचारल्याशिवाय एक ओळसुद्धा लिहिता येत नाही. आणि छोटी ठेवा! पहिल्या वर्षी दहा मिनिटांची फिल्म करायला जाऊ नका, सहा पानांची पुस्तिका पूर्ण झालेली बरी.

पायरी ६: व्हिडिओ कॉल

सगळ्यांना वाटतं प्रोजेक्ट म्हणजे व्हिडिओ कॉल. खरं सांगायचं तर सहा आठवड्यांत दोन कॉल पुरेत, बाकी काम लेखी आणि रेकॉर्ड करून. लाजाळू मुलाला आवाजाची क्लिप चार वेळा रेकॉर्ड करता येते, थेट कॉलवर ती सोय नसते, आणि अशाच मुलांच्या क्लिप्स खूप वेळा सगळ्यात छान निघतात.

कॉलच्या दिवशी एका खोलीत पाच लॅपटॉप एकदम चालू केले की आवाज घुमतो, कोणाला काही ऐकू येत नाही. हेडफोन लावा, नाहीतर गट वेगवेगळ्या खोल्यांत किंवा कॉरिडॉरमध्ये बसवा. दोन दिवस आधी त्याच खोलीतून, त्याच नेटवरून समोरच्या शिक्षकाला टेस्ट कॉल करा, घरून करून उपयोग नाही कारण शाळेचं नेटवर्क काही साइट्स ब्लॉक करतं. पंचवीस मिनिटांच्या वर जाऊ नका. प्रत्येक मुलाच्या हातात दाखवायला एक वस्तू आणि विचारायला दोन प्रश्न द्या. वस्तू का, तर भाषा अडली तरी वस्तू बोलते, मूल ती कॅमेऱ्यासमोर धरतं, समोरचं मूल "व्हॉट इज धिस?" म्हणतं आणि गाडी पुढे जाते.

आणि अडलं तर काय म्हणायचं ती पाच वाक्यं आधीच पाठ करून घ्या, परत सांगशील का, जरा हळू बोल, तुझा आवाज तुटतोय, याचा अर्थ काय, एक मिनिट थांब. पुस्तकातल्या धड्यापेक्षा ही वाक्यं कॉलवर जास्त लागतात. नेट गेलंच तर प्लॅन बी वहीत लिहिलेला असू द्या: प्रत्येक गटाने एक मिनिटाची क्लिप रेकॉर्ड करून त्याच दिवशी पाठवायची.

मध्येच शांतता झाली तर

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एखाद्या गटाला समोरून उत्तर येणं बंद होतं. मुलं लगेच अर्थ लावतात की आम्ही आवडलो नाही, किंवा ते लोक उद्धट आहेत. नव्वद टक्के वेळा... म्हणजे मोजलेलं नाही मी, पण माझ्या अनुभवात जवळजवळ प्रत्येक वेळी कारण साधं असतं, परीक्षा, ताप, पासवर्ड विसरला. त्यामुळे दोन शिक्षकांनी दर आठवड्याला दहा मिनिटं बोलायचंच, सगळं सुरळीत असलं तरी, आणि जे कळेल ते मुलांना लगेच सांगायचं. उत्तर किती दिवसांत द्यायचं तेही पहिल्याच दिवशी ठरवा, चार दिवस ठीक आहेत.

लिहिण्याच्या सुराचंही तसंच. जर्मन आणि अमेरिकन मुलांच्या एक्स्चेंजवर बराच अभ्यास झालाय, त्यात जर्मन मुलांचं थेट बोलणं अमेरिकन मुलांना तुटक वाटलेलं दिसतं, लिहिणाऱ्याच्या मनात तसं काही नसतानाही. असा मेसेज आला की तो वर्गात उघडा (नाव झाकून), आणि त्याचे किती अर्थ निघू शकतात ते मुलांनाच विचारा. तो तास वाया जात नाही.

चुका कोणी दुरुस्त करायच्या? समोरच्या मुलाने, पण एका मेसेजमागे जास्तीत जास्त तीन. सगळ्या चुका लाल करून परत आलेला कागद बघितला की मूल पुढच्या वेळी दोन ओळीच लिहितं. ज्या चुकीमुळे अर्थ बदलतो ती आधी, जसं स्पॅनिशमध्ये 'एम्बारासादा' म्हणजे लाजलेली नाही, गरोदर, ही सांगायलाच हवी.

आणि मशीन ट्रान्सलेशन, एआय वगैरे. बंदी घालून काही होत नाही. माझा नियम असा की आधी स्वतः लिहायचं, अडलेला शब्द किंवा वाक्य मशीनला विचारायचं, आणि जे उचललं त्याखाली रेघ मारायची. अख्खा मेसेज मशीनने लिहिला की समोरच्याला तो लगेच ओळखू येतो, आणि मग तोही मशीननेच उत्तर देतो आणि दोन मशीन्स एकमेकांशी बोलत बसतात. हे मुलांना एवढ्याच शब्दांत सांगितलं तरी पटतं.

संपवायचं कसं

तारीख आधीच जाहीर करून, नीट निरोप घेऊन संपवा. तयार झालेली पुस्तिका दोन्ही वर्गांत एकाच दिवशी उघडा, प्रत्येक मुलाने समोरच्या गटाला एक ओळ लिहावी, 'मला तुझ्याकडून हे नवीन कळलं'. मार्क देताना समोरच्याने उत्तर दिलं का नाही यावर देऊ नका, तुमच्या मुलाने किती प्रश्न विचारले, उत्तर वाचून पुढचा प्रश्न बदलला का, स्वतःचं वाक्य समोरच्याला कळेल असं पुन्हा लिहिलं का, हे बघा.

त्यानंतर आठवड्याभरात परवानगीच्या कागदावर लिहिलं होतं त्याप्रमाणे रेकॉर्डिंग्ज डिलीट करा, आणि समोरच्या शिक्षकासोबत एक शेवटचा कॉल करा, काय जमलं, कोणता गट का अडला, कोणतं काम पुढच्या वेळी नको. तो कॉल बंद करायच्या आधी दोन्ही कॅलेंडरं उघडून पुढच्या वर्षीचे सहा आठवडे पकडून ठेवा, दोन्ही शहरांच्या घड्याळासकट.